तिकीटखिडकी हलवताना: मुंबई लोकलचं एक प्रकरण

रांग कमी कशी करायची याचं उत्तर आजकाल ठरलेलं असतं: खिडकीवरचा माणूस काढा, यंत्र बसवा, नाहीतर सगळंच मोबाइलवर न्या. फुटबॉल क्लबांनी हे केलं, सिनेमागृहांनी केलं, बँकांनी तर फार आधी केलं. बहुतेक ठिकाणी असा बदल आतल्या आत ठरतो आणि ग्राहकाला थेट नवी व्यवस्थाच दिसते. मुंबईच्या लोकलमध्ये मात्र खिडकीपासून मोबाइलपर्यंतची वाटचाल वर्षानुवर्षं लाखो लोकांच्या डोळ्यांदेखत झाली. कुठे काय अडलं, कुणाचं अडलं, हे फलाटावर उभ्या असलेल्या कुणालाही पाहता आलं. म्हणून जी संस्था आपली तिकीटखिडकी बंद करायला निघाली आहे, तिने आधी हे प्रकरण नीट पाहावं असं मला मनापासून वाटतं.

माझं निरीक्षण थोडक्यात असं: इथला प्रत्येक टप्पा अडला तो एकाच ठिकाणी. खिडकीवरचा क्लार्क तिकीट देण्याखेरीज आणखी काय काय करत होता, याचा हिशेब आधी कुणी मांडला नव्हता. तो हिशेब मग प्रवाशांना आपल्या वेळेने आणि दंडाने मांडावा लागला.

खिडकीवर काय चालायचं

कोविडच्या आधी लोकलने रोज सुमारे ७५ लाख प्रवासी जायचे. त्यातल्या मोठ्या वर्गाकडे पास असायचा, आणि पासवाल्याचं खिडकीशी काम महिन्यातून एकदा, त्रैमासिक पास असेल तर तीन महिन्यांतून एकदा. रांगेत उभे असायचे ते बाकीचे. आज कुर्ल्याला तर उद्या भाईंदरला काम लागणारा रंगारी, सायनच्या इस्पितळात कुणाला तरी बघायला निघालेलं कुटुंब, पहिल्याच मुलाखतीला आलेली मुलगी, गावाकडून येऊन लेकीकडे निघालेले आजी-आजोबा. लोकलची सवय ज्यांना सगळ्यात कमी, त्यांच्याच वाट्याला दर वेळी रांग.

दुसऱ्या वर्गाचं किमान भाडं पाच रुपये, १० किलोमीटरपर्यंत. एवढ्या लहान रकमेचे असंख्य व्यवहार आणि तेही सकाळ-संध्याकाळच्या ठरावीक दोन-तीन तासांत. आता एक व्यवहार जवळून पाहा. "एक रिटर्न घाटकोपर." काचेच्या भोकातून आवाज आत पोचत नाही, वर उद्घोषणा चालू असते. क्लार्क मान वर न करता विचारतो, "कुठलं?" पुन्हा सांगायचं. त्याने बटणं दाबली की तिकीट छापून यायला काहीच वेळ लागत नाही. मग खाचेतून शंभराची नोट आत सरकते आणि उत्तर येतं, "सुट्टे द्या." पाकीट उघडतं, पिशवीतला बटवा बाहेर येतो, मागच्याला "दहाचे आहेत का हो?" विचारून होतं. रांगेचा जीव जातो तो इथे. पूर्वी पुठ्ठ्याची छापील तिकिटं कप्प्यांत रचलेली असायची आणि त्यांच्यावर तारखेचा ठसा दाबला जायचा. पुढे संगणकावर छापलेलं तिकीट आलं. अनारक्षित तिकिटांची यूटीएस ही संगणकीय यंत्रणा २००२ पासून देशभर टप्प्याटप्प्याने पसरली. छपाई झपाट्याने सुधारली, पण सुट्ट्या पैशांची अडचण होती तिथेच राहिली, आणि रांगही.

क्लार्क करत असलेली बाकीची कामं कुठल्याच नोंदीत येत नव्हती. फाटकी नोट परत करणं. "वडाळ्याला जायचंय, कुठून बदलू?" याचं उत्तर देणं. कॉलेजने दिलेला सवलतीचा अर्ज तपासून विद्यार्थ्याचा पास काढून देणं. चुकीच्या स्थानकाचं नाव घेणाऱ्या म्हाताऱ्याला "रे रोड म्हणताय की ग्रँट रोड?" असं विचारून त्याची फेरी वाचवणं. यातलं काहीही तिकीटविक्रीच्या आकड्यांत उमटत नाही. त्यामुळे विक्री हलवायची ठरली तेव्हा हलवायच्या सामानाच्या यादीत यातलं काहीच नव्हतं.

कूपन

पहिला मोठा प्रयत्न कूपनांचा. खिडकीवरून एकदाच कूपनांची पुस्तिका विकत घ्यायची. प्रवासाच्या दिवशी भाड्याइतक्या किमतीची कूपनं स्थानकावरच्या सीव्हीएम यंत्रात सरकवायची. यंत्र त्यावर स्थानक, तारीख आणि वेळ छापायचं. झालं तिकीट.

मला ही कल्पना आजही आवडते. सुट्ट्या पैशांच्या दुखण्यावर तिने नेमकं बोट ठेवलं होतं: पैसे आधीच दिलेले, मोजामोज नाही. पडदा नाही, भाषा निवडायची नाही, भाडं माहीत असलं की अक्षरओळख नसलेल्यालाही जमायचं. गाडी समोर लागलेली दिसली तरी कूपन मारून पळत ती पकडता यायची.

ती फसली देखभालीत. यंत्राची शाई पुसट झाली की वेळ उमटायची नाही. कागद अडकायचा. एक यंत्र बंद म्हणून दुसऱ्याकडे जावं, तर ते जिन्याच्या दुसऱ्या टोकाला. आणि कूपन नीट छापलं गेलं नसेल तर टीसीच्या लेखी तो प्रवासी विनातिकीट. खिडकीवर तिकीट पुसट आलं असतं तर क्लार्कने दुसरं काढून दिलं असतं, निदान वाद घालायला समोर कुणीतरी होतं. इथे यंत्र बिघडल्याची जोखीम संपूर्णपणे प्रवाशाच्या अंगावर आली. पुसट छपाईचा गैरफायदा घेऊन तेच कूपन पुन्हा वापरणारेही निघाले, हेही खरं. शेवटी २०१५ मध्ये कूपनं बंद झाली. तोवर पुढच्या दोन व्यवस्था आल्याच होत्या.

काचेबाहेरचा क्लार्क

या प्रकरणातला मला सर्वांत बोलका वाटणारा भाग एटीव्हीएमचा आहे. पडद्याला बोट लावून तिकीट काढायची ही यंत्रं मुंबईत २००७ च्या सुमारास आली. त्यासाठी स्मार्ट कार्ड घ्यायचं, त्यात पैसे भरायचे, यंत्राच्या खोबणीत कार्ड ठेवायचं. मग पडद्यावर मार्ग निवडा, स्थानक निवडा, एकेरी की परतीचं, वर्ग कोणता, माणसं किती, आणि छापा. जमणाऱ्याला काही सेकंदांचं काम.

पहिला खोडा असा की कार्ड घ्यायला आणि सुरुवातीला त्यात पैसे भरायलाही पुन्हा खिडकीवरच जावं लागायचं. म्हणजे रोजची रांग टाळण्यासाठी अधूनमधून तीच रांग लावायची. रोज तिकीट काढणाऱ्याला ते परवडलं. पण रोज तिकीट काढणारा माणूस बहुधा पासच काढतो! जो महिन्यातून दोनदा लोकलने जातो त्याने कार्डात पैसे अडकवून का ठेवावेत? ज्याच्यासाठी यंत्र बसवलं, त्यालाच ते घ्यायचं कारण सापडत नव्हतं.

दुसरा खोडा पडद्याचा. पश्चिम, मध्य, हार्बर, ट्रान्स हार्बर अशा मार्गांच्या जाळ्यात आपलं स्थानक कुठल्या रेषेवर आहे हे माहीत असणाऱ्याला पडदा सोपा. "लेकीच्या घरी, कळव्याला" एवढंच माहीत असणाऱ्याला तो परीक्षेचा पेपर वाटतो, आणि पाठीमागे लोक चुळबुळत असतात.

रेल्वेने यावर जो मार्ग काढला तो मला फार मोलाचा वाटतो. यंत्रापाशी मदतनीस नेमले. ते बहुतेक करून निवृत्त रेल्वे कर्मचारी. स्वतःचं कार्ड यंत्रावर ठेवायचं, प्रवाशाकडून रोख पैसे घ्यायचे, तिकीट काढून द्यायचं आणि त्यावर मिळणारं कमिशन हीच कमाई. कुठल्याही मोठ्या स्थानकावर हे पाहायला मिळतं. मदतनीस खुर्चीवर किंवा उभ्याने यंत्राला टेकलेला, एका हातात दहा-वीसच्या नोटांची घडी आणि सुट्ट्या नाण्यांचा खळखळाट. "दोन ठाणे" म्हणेपर्यंत त्याची बोटं पडद्यावरून फिरलेली असतात. नजर पडद्याकडे नसतेच, ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे असते. पडद्यावरची जागा बोटांना पाठ झालेली. तिकीट फाडून हातात देतानाच "फास्ट आहे, पाचवर, पळा" हेही सांगून होतं.

हा माणूस कोण? हा तर तोच क्लार्क, फक्त काच आणि खुर्चीवरचा पंखा गेला. सुट्टे तोच देतो, वाट तोच सांगतो, चुकीचं स्थानक तोच दुरुस्त करतो. पगार नाही, रजा नाही. यंत्रावर निघालेलं तिकीट मात्र स्वयंसेवेच्या रकान्यात मोजलं जातं. यंत्रांवरची विक्री वाढली असं ऐकलं की मला लगेच विचारावंसं वाटतं: त्यातली किती तिकिटं प्रवाशाने स्वतःच्या बोटाने काढली आणि किती या माणसाने काढून दिली? हा प्रश्न न विचारता "लोकांनी स्वयंसेवा स्वीकारली" असा निष्कर्ष काढणं हा या निवृत्त माणसांच्या श्रमावर अन्याय आहे. दुसऱ्या शहरातल्या एखाद्या संस्थेने हा आकडा पाहून आपली यंत्रं मदतनिसाविना बसवली, तर ती सपशेल पडतील.

स्थानकाबाहेरच्या दुकानांत तिकीट विकणारे जनसाधारण तिकीट सेवक, म्हणजे जेटीबीएस, हेही याच जातीचे. तिकिटामागे रुपया-दोन रुपये जास्त घेतात आणि लोक ते खुशीने देतात. त्या दुकानासमोरची गर्दी पाहिली की कळतं की लोकांचा माणसाला विरोध कधीच नव्हता. कंटाळा होता तो थांबण्याचा.

मोबाइल, पण छापील प्रतीसह

डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईत मोबाइलवर लोकलचं तिकीट काढायची सोय सुरू झाली. रेल्वेच्याच 'क्रिस' या संस्थेने ॲप बनवलं होतं, पैसे आर-वॉलेट या रेल्वेच्या डिजिटल पाकिटात भरायचे होते. पण फोनवर तिकीट काढल्यावर ते स्थानकावरच्या एटीव्हीएमवर जाऊन छापून घ्यायचं होतं. कागदाशिवाय प्रवास वैध नव्हता.

म्हणजे प्रवाशाने घरी बसून निम्मं काम करायचं आणि उरलेल्या निम्म्या कामासाठी पुन्हा एका यंत्रासमोर रांग लावायची. अशी व्यवस्था चालणं शक्यच नव्हतं. तरी मी तिला निव्वळ मूर्खपणा म्हणणार नाही. छापील प्रत हा टीसीला दाखवायचा पुरावा होता, आणि फोनच्या पडद्यावर दिसणारं चित्र खरं की खोटं हे टीसीने कसं ओळखायचं याचं उत्तर तेव्हा तयार नव्हतं. विक्री मोबाइलवर गेली, तपासणी होती तिथेच राहिली, आणि दोघींच्या मधल्या फटीत प्रवासी अडकला.

जुलै २०१५ मध्ये मुंबईत कागदाविना तिकीट आलं आणि खरा बदल तिथून सुरू झाला. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला निर्णायक क्षण हाच. नवं यंत्र आलं नव्हतं, फोनही तेच होते. बदलला तो पुरावा कशाला म्हणायचं याचा नियम.

दार नसलेलं स्थानक

कागद गेला तशी पुढची अडचण उघडी पडली. फुटबॉलच्या मैदानात शिरताना दारावर तिकीट तपासलं जातं. दर्शकाने ते महिनाभर आधी काढलं की रांगेत उभं राहून दोन मिनिटांपूर्वी, याने काही बिघडत नाही, कारण तिकिटाविना दार उघडत नाही. जून २०१४ मध्ये सुरू झालेल्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोतही तसंच. लोकलच्या स्थानकाला मात्र दारच नाही. पादचारी पुलावरून, फलाटाच्या उतारावरून, बाजाराच्या गल्लीतून कुठूनही माणूस आत येतो. तिकीट असो वा नसो, गाडीत चढता येतं. सगळी भिस्त टीसीच्या अचानक होणाऱ्या तपासणीवर आणि दंडाच्या धाकावर, म्हणजे भाडं अधिक किमान २५० रुपये.

अशा ठिकाणी तिकीट खिशातल्या फोनवर मिळू लागलं, तर टीसी दिसेपर्यंत ते काढायचं कशाला? हे ओळखून ॲपमध्ये अदृश्य कुंपण घातलं गेलं. फोनच्या जीपीएसवरून प्रवासी रुळांच्या अगदी जवळ किंवा स्थानकात आहे असं दिसलं, तर तिकीट मिळणार नाही. आणि फार लांबूनही मिळणार नाही. कुंपणाची बाहेरची मर्यादा आधी दोन किलोमीटर होती, २०२२ मध्ये उपनगरी मार्गांवर ती पाच किलोमीटर झाली आणि २०२४ मध्ये उठली. आतली मर्यादा राहिली. तिकीट काढल्यावर ठरावीक वेळेत प्रवास सुरू करण्याचं बंधनही राहिलं.

कागदावर ही योजना निर्दोष आहे. पण मुंबई रुळांना चिकटून वसलेली आहे. चाळी, बाजार, कचेऱ्या, सगळं रुळांच्या कुशीत. जीपीएस उंच इमारतींच्या दाटीत, पत्र्याच्या छपराखाली चुकतो. परिणाम काय, तर स्थानकाबाहेर रिक्षास्टँडपाशी फोन हातात धरून माणूस रस्त्याच्या दिशेने उलट्या पावलांनी चालतोय, दर दहा पावलांनी पडदा बघतोय, आणि पुलावरून त्याची गाडी येताना दिसतेय, हे दृश्य मुंबईकरांना नवं नाही. हा माणूस प्रामाणिक आहे, म्हणून तर तो मागे चालतोय. ज्याला फुकट जायचं होतं तो केव्हाच गाडीत चढला.

मग स्थानकात क्यूआर कोड लावले गेले. आत आलेल्या प्रवाशाने तो स्कॅन केला की कुंपणाची अट शिथिल होऊन तिकीट मिळे. फार चांगली सोय होती. उशीर झालेल्या, घाईत घरातूनच तिकीट काढायचं विसरलेल्या माणसाला तिने खरा आधार दिला. पण कोड छापील आणि न बदलणारा. कुणीतरी त्याचा फोटो काढला आणि तो फोटो फोनाफोनांतून फिरला. आता गाडीत बसून, पुढच्या डब्यात टीसी चढलेला पाहून, फोटोतला कोड स्कॅन करून तिकीट काढता येऊ लागलं. कुंपण जे रोखायला घातलं होतं, तेच कुंपणाच्या आत होऊ लागलं. २०२५ मध्ये मुंबईत स्थानकांवरचे असे कोड मागे घ्यायची पाळी आली. त्याच वर्षी बनावट डिजिटल पास दाखवून प्रवास करणारेही पकडले गेले.

इथे मला रेल्वेची बाजू समजते. फसवणूक खरी आहे. पण उपाय दर वेळी विक्रीच्या टोकाला शोधला गेला आणि त्रास प्रामाणिक प्रवाशाच्याच वाट्याला आला. दुखणं तपासणीच्या टोकाला आहे. टीसीच्या हातातलं उपकरण तिकीट नेमकं कोणत्या मिनिटाला निघालं हे गाडी कुठे आहे त्याच्याशी ताडून पाहू शकलं, तर कोड भिंतीवर राहिला काय किंवा गेला काय, फारसा फरक पडणार नाही. दार नसलेल्या जागेत आधी तपासणीत गुंतवणूक करायची आणि मग विक्री मोकळी सोडायची. मुंबईत क्रम उलटा लागला.

कागद गेल्याने गमावलेली एक लहान गोष्ट घराघरांत जाणवली. कागदाचं तिकीट दुसऱ्याच्या हातात देता यायचं. मुलगा खिडकीवर जाऊन आईचं तिकीट काढायचा, तिला गाडीत बसवून परत यायचा. ॲपमधलं तिकीट ज्या फोनवर काढलं त्या फोनबरोबरच फिरतं. स्क्रीनशॉट चालत नाही. फोनची बॅटरी संपली तर प्रवासी विनातिकीट. ज्या घरात चौघांत एकच स्मार्टफोन आहे, तिथे ही बारीकसारीक गोष्ट राहत नाही.

कोविडमध्ये खिडकी परत आली

मार्च २०२० मध्ये लोकल थांबली. जूनमध्ये ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली. कुणाला चढू द्यायचं हे ओळखपत्र पाहून ठरवायचं होतं, आणि ओळखपत्र पाहायला माणूस लागतो. मोबाइल तिकीट बंद राहिलं. खिडक्यांचं महत्त्व एका रात्रीत परत आलं.

पुढे १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना पासवर प्रवासाची मुभा मिळाली. त्याआधी ११ ऑगस्टपासून स्थानकांवर पडताळणी सुरू झाली. एकट्या मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५३ स्थानकांवर पालिकेचे कर्मचारी टेबल मांडून बसले. लस प्रमाणपत्र पाहायचं, ओळखपत्र पाहायचं, कागदावर शिक्का मारायचा, मग तो कागद दाखवून खिडकीवर पास काढायचा. लस घेतलेल्यांना राज्य सरकार देत असलेल्या डिजिटल प्रवास पासाशी रेल्वेचं ॲप जोडलं गेलं ते नोव्हेंबर २०२१ मध्ये, आणि तेव्हा कुठे मोबाइलचं दार पुन्हा उघडलं.

स्वयंसेवा नियम सोपा असतो तोवरच टिकते, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा प्रसंग मला माहीत नाही. नियम अवघड झाला की माणूस लागतो, आणि तो नियम दोन सरकारी नोंदी एकमेकींना जोडून पुन्हा सोपा करेपर्यंत लागतच राहतो. शिवाय असा प्रसंग सांगून येत नाही. त्याच्या पाच वर्षं आधी खिडक्या पार मोडीत काढल्या असत्या, तर त्या ऑगस्टमध्ये पास कुणी दिले असते?

तशीच गोष्ट लहान प्रमाणात एसी लोकलमध्ये दिसली. पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर धावली. मे २०२२ मध्ये तिचं एकेरी भाडं जवळपास निम्मं झालं आणि गर्दी वाढली. पहिल्या वर्गाचा पास हातात आहे, तो फरक भरून एसीचा करून हवा, ही मागणी लगेच आली. ती आधी पुरी झाली खिडकीवर.

उरलेली रांग

आज खिडकीसमोरची रांग पूर्वीपेक्षा लहान आहे, आणि हे यश मोठं आहे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आणि बँकखातं आहे, ज्यांना स्थानकांची नावं ठाऊक आहेत, त्यांची रोजची कटकट मिटली. एटीव्हीएमवर यूपीआयने पैसे भरता येऊ लागल्यापासून कार्डाची अडचणही गेली. जुलै २०२५ मध्ये रेल्वेने आरक्षित-अनारक्षित सगळं एकत्र करणारं 'रेलवन' ॲप आणलं. ही वाटचाल मागे फिरणार नाही, फिरूही नये.

पण लहान झालेल्या रांगेत कोण उभं आहे ते जरा जवळ जाऊन पाहावं. कॉलेजच्या सवलतीचा अर्ज घेऊन आलेले विद्यार्थी. रोजंदारी रोख मिळते म्हणून रोखच खर्च करणारे. साधा फोन असलेले. दृष्टी अधू असलेले. परप्रांतातून कालच आलेले, ज्यांना अंधेरी आणि अंबरनाथ दोन्ही सारखीच अनोळखी. यांचं काम दर माणशी जास्त वेळ खातं, कारण सोपी कामं आता फोनवर गेली आणि खिडकीवर फक्त अवघड कामं उरली. म्हणून "रांग निम्मी झाली, आता निम्म्या खिडक्या बंद करू" हा हिशेब चुकतो. माणसं निम्मी झाली असतील, काम निम्मं झालेलं नसतं. चार खिडक्यांपैकी तीन बंद आणि उघड्या एका खिडकीसमोर पंचवीस माणसं हे चित्र या चुकीच्या हिशेबातूनच तयार होतं. त्या पंचविसांतला आठवा-नववा माणूस कंटाळून तिकिटाविना गाडीत चढतो आणि नेमका तोच टीसीच्या तावडीत सापडतो, तेव्हा त्याला मी पूर्ण दोषी मानायला तयार नाही.

यश मोजायची पट्टीही बदलायला हवी. किती टक्के विक्री खिडकीबाहेर झाली, हा आकडा व्यवस्थापनाच्या सोयीचा आहे. मी त्याऐवजी एक साधी गोष्ट मोजीन: ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही आणि फक्त रोख पैसे आहेत, असा पहिल्यांदाच आलेला माणूस स्थानकात शिरल्यापासून किती मिनिटांत वैध तिकीट घेऊन फलाटावर पोचतो? हे सकाळी नऊला मोजावं, रात्री अकरालाही मोजावं. ॲप वापरणाऱ्याचा वेळ कमी होत असताना या माणसाचा वेळ वाढत असेल, तर रांग मिटलेली नाही, ती एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरकली आहे.

करण्यासारखं काय, तेही या प्रकरणातच दिसतं. स्थानकाच्या प्रत्येक बाजूला किमान एक खिडकी पहिल्या लोकलपासून शेवटच्या लोकलपर्यंत उघडी राहिली पाहिजे, आणि ती कधी उघडी असेल हे बाहेर ठळक लिहिलेलं हवं. एटीव्हीएमपाशी उभ्या मदतनिसाला कमिशनवर न सोडता ठरलेलं मानधन, बसायला जागा आणि अंगावर ओळखता येईल असा बिल्ला द्यायला हवा. त्याच्याकडे दिवसभरात कुणी काय विचारलं याची नोंद ठेवली, तर पडद्यावर काय सुधारायचं याची यादी आपसूक तयार होईल, त्यासाठी कुणा सल्लागाराची गरज पडणार नाही. ॲपवर काढलेलं तिकीट दुसऱ्याच्या साध्या फोनवर संदेशाने पाठवता आलं आणि टीसीला त्यातला क्रमांक पडताळता आला, तर आईचं तिकीट मुलाला पुन्हा काढून देता येईल. आणि सवलतीचे पास देणारी खिडकी वेगळी ठेवली, तर जून-जुलैत कॉलेजं सुरू होताना पाच रुपयांच्या तिकिटासाठी आलेला माणूस विद्यार्थ्यांच्या अर्जांमागे अडकून पडणार नाही.